मऊ स्प्रिंग

रविवारी सकाळी आंघोळ झाली की तो काट्यावर उभा राही आणि बायको चष्मा लावून, खाली वाकून आकडा वाची. वाचलेला आकडा ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात त्या तारखेखाली लिही आणि सोमवारी इस्पितळातून सिस्टरचा फोन आला की तोच आकडा तिला कळवी.

"साडेपन्नास," त्या रविवारी ती म्हणाली. "ऑपरेशनला एकोणीस दिवस राहिले. तेवढे दिवस हे साडेपन्नास धरून ठेवा. पुढं डॉक्टर आणि तुम्ही."

तो काट्यावरून उतरला आणि भिंत धरत स्टुलावर बसला. त्याचं खरं वजन सत्तेचाळीस किलो आणि वर थोडंसं, एवढंच होतं. घरात हे फक्त त्याला माहीत होतं. काटा खोटा केलेला होता आणि तो त्यानंच केला होता.

बाजारात त्याला सगळे काटेवाला म्हणत. चौतीस वर्षं त्यानं दुकानांचे, वखारींचे, सोनारांचे वजनकाटे दुरुस्त केले. लोखंडी वजन झिजलं की त्याच्या पोटातल्या भोकात वितळलेलं शिसं ओतायचं, कानशीनं घासून ते बरोबर करायचं, तपासून परत द्यायचं. कामाच्या खोलीला खिडकी नव्हती. शिशाचा धूर, लोखंडाचा कीस, तेजाबाची वाफ, आणि या सगळ्यावर उतारा म्हणून रोज वीस सिगारेटी. एखादा दुकानदार हळूच म्हणे, "जरा आमच्याकडं झुकेल असं बघा की." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "त्याला मी कशाला हवा? तुमचा अंगठा आहे ना!" चौतीस वर्षांत त्याच्या हातून एकही काटा खोटा होऊन बाहेर गेला नव्हता.

साठाव्या वर्षी इस्पितळात त्याला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. त्याच्या वयाचा निरोगी माणूस जेवढी हवा बाहेर टाकतो, त्याच्या एकतीस टक्के हवा त्याला टाकता आली. सर्जननं छातीचा फोटो उजेडावर धरला. "फुप्फुसांचा वरचा भाग फुगून बसलाय. स्वतः काम करत नाही आणि खालच्याला जागा देत नाही. तो काढू. उरलेलं बरं चालेल." मग त्यानं फाइल मिटली. "पण पन्नास किलोच्या आतल्या माणसाला मी टेबलावर घेत नाही. जखम भरायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. आज साडेएकावन्न आहात. चार महिन्यांनंतरची तारीख देतो. तोवर खा."

काटेवाल्याला भीती वाटत होती ती याच गोष्टीची. घास चावताना तोंड बंद ठेवावं लागतं, गिळताना श्वास थांबतो. निरोगी माणसाला हे कळतही नाही. त्याला पाचव्या घासाला कळे. सातव्या घासाला ओठ काळेनिळे पडत. पोट भरलं की ते खालून छातीला ढकलू लागे आणि मग अर्धा तास तो टेबलाची कड धरून एकेक श्वास ओढत बसे. एकदा घास घशात अडकला आणि खोकून काढायलाही आत हवा उरली नाही. बायको पाठीवर थापट्या मारत राहिली. दहाएक सेकंदच असतील. पण तेव्हापासून ताट समोर आलं की त्याचे हात थंड पडत. चार घास खाऊन तो म्हणे, "पोट भरलं." उरलेलं बायको खाई. "टाकायचं कशाला?" ती म्हणे.

घरातली बाकीची कामं तिनं त्याच्याकडून केव्हाच काढून घेतली होती. पाण्याचा तांब्या हाताशी, औषधं हाताशी, शर्टाची बटणंसुद्धा तीच लावी. "तुम्ही बसा. दम वाचवा." पुढच्या खोलीतल्या खुर्चीत तो दिवसाचे चौदा तास बसून दम वाचवत होता आणि दर आठवड्याला वाचलेला दम आणखी थोडा कमी भरत होता.

तारीख मिळून चार आठवडे झाले, त्या रविवारी सुई पन्नासवर आली. बायको आकडा लिहायला आत गेली. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ नुसता वाहत होता आणि भांड्यांचा आवाज येत नव्हता. पुढच्या शनिवारी ती लाँड्रीत कामाला गेली. सकाळपाळीला ती तिथं इस्त्री करायची. घरात कुणी नाही पाहून तो एकटाच काट्यावर चढला. सुई साडेएकोणपन्नासपर्यंतही पोचली नाही. तो उतरला, पुन्हा चढला. पाय अलीकडे पलीकडे करून पाहिले. सगळी गिऱ्हाइकं जे करतात ते सगळं त्यानं केलं. मग हत्यारांची पेटी ओढली.

नुसती सुई पुढं सरकवणं सोपं होतं. त्यासाठी काट्याला चाक असतं. पण मग रिकामा काटाही शून्यावर राहिला नसता, आणि बायको वाकून बघणारी होती. म्हणून त्यानं आतली स्प्रिंग बदलली, थोडी मऊ घातली. रिकामा असताना काटा बरोबर शून्यावर. माणूस चढला की किलोमागं सत्तर ग्रॅम जास्त दाखवणार. त्याला खरं तर याहून कमी फरक हवा होता. पेटीत त्या मापाची दुसरी स्प्रिंग नव्हती.

"त्रेपन्न!" दुसऱ्या दिवशी बायको ओरडली. "अहो, त्रेपन्न!" तिनं त्याचे दोन्ही दंड धरून त्याला हलवलं. मग त्याच भरात स्वतः काट्यावर चढली. "अगं बाई, चौसष्ट! माझं तर साठ होतं. बघा, तुमच्या ताटातलं सगळं कुठं जातंय!"

तोही हसला. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. बाकी काही त्याच्या मनात आलं नाही.

सोमवारी सिस्टर फोनवर म्हणाली, "आठवड्यात तीन किलो? पाय सुजलेत का बघा. नडगीवर बोट दाबा, खड्डा राहतो का?"

बायकोनं दाबून पाहिलं. "नाही हो सिस्टर. खायला लागलेत," तिनं अभिमानानं सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी आकडा थोडाथोडा उतरत गेला, पण पन्नासच्या वर राहिला. दहा आठवडे असे गेले.

साडेपन्नासच्या रविवारनंतर मंगळवारी सकाळी बायको कामावर गेल्यावर खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई वर आली. त्याच्या पँटी तिनं आजवर दोनदा आत घेतल्या होत्या, गुपचूप. टेप त्याच्या कमरेभोवती फिरवून तिनं तोंडातल्या टाचण्यांमधूनच विचारलं, "पुन्हा दोन इंच? काटेवाले, आता आणखी आत घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांच्या गळ्यात पडतील."

"हिला सांगू नका."

"मी कशाला सांगू? पण वहिनींना दिसत नाही होय?"

"तिचा काट्यावर विश्वास आहे." तो थोडा थांबला, दोन श्वास घेतले. "शिंपीणबाई, पडद्याच्या खालच्या दुमडीत तुम्ही शिसं घालता ना?"

"घालते. पडदा उडू नये म्हणून."

"या पँटच्या कमरेत तीन किलो बसेल?"

तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या छोट्या उशीत खोचल्या. "कशाला?"

"इस्पितळात त्यांच्या काट्यावर वजन करतील."

"तीन किलो शिसं बांधून तुम्ही जिना उतरणार? मोकळे उतरता तेव्हा चारदा बसता."

"जमवीन."

"आणि डॉक्टर कापणार कुणाला? तुम्हाला की शिशाला?"

तिनं पँट काखेत मारली. "भूल देण्याआधी पँट काढतात, काटेवाले. माझं मेलीचं आतडं काढलं तेव्हा अंगावर परकरसुद्धा ठेवला नव्हता." ती जिना उतरली. शिशाचं हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

तो खुर्चीत बसून राहिला. सत्तेचाळीस किलोचा माणूस टेबलावरून परत येईलच असं नाही, हे त्याला कळत होतं. ऑपरेशन झालं नाही तर याच खुर्चीत काय होईल, तेही कळत होतं. दोन्हींचा विचार करून त्यानं टेबल पत्करलं होतं. तिथं निदान श्वास घ्यायचं काम दुसरं कुणीतरी करतं.

गुरुवारी दुपारी अडीचला बायको घरी आली. चप्पल काढताना तिनं दाराची चौकट धरली.

"जेवलीस?" त्यानं विचारलं.

"खाल्लं मघाशी. तुमचं दूध तापवते."

ती आत गेली. काडी ओढल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा आला. मग काहीतरी जड आणि मऊ खाली पडलं. डबा पडावा तसा आवाज नव्हता तो.

"अगं," तो म्हणाला. आवाज दारापर्यंतही गेला नाही. ओरडायला छातीभर हवा लागते. "काय पडलं?"

दूध उतू गेल्याचा चर्र आवाज झाला, करपल्याचा वास आला. चर्र थांबलं तरी एक बारीक फुसफुस चालूच राहिली. दुधानं आच विझवली होती आणि गॅस तसाच सुरू होता.

तो उठला. तीन पावलं टाकली आणि छाती थांबली. भिंतीला कपाळ टेकून त्यानं ओठांचा चंबू करून हवा बाहेर सोडली. घाई केली तर आपण इथंच पडू आणि मग दोघंही जाऊ, एवढं त्याला स्पष्ट दिसत होतं. त्यानं दोन श्वास मोजून घेतले. आणखी तीन पावलं. गॅसचा वास आता घशात लागत होता. श्वास ओढावा तर तोच आत जात होता. डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचत होते. आणखी चार पावलं, आणि ओट्याची कड हाताला लागली. बायको फरशीवर कुशीवर पडली होती, एक हात अंगाखाली. तिच्याकडं न बघता त्यानं आधी गॅसचं बटण फिरवलं. मग खिडकी ढकलली. मग ओटा धरत तो तिच्याशेजारी उतरला.

खाली बसल्यावर त्यानं तिच्या नाकासमोर बोट धरलं. स्वतःच्या धापेत त्याला काही समजेना. मग तिची छाती हललेली दिसली. दार अडवायला ठेवलेलं दोन किलोचं जुनं वजन हाताशी होतं. त्यानं ते उचललं आणि फरशीवर आपटलं. पुन्हा आपटलं. खालचं शिवणयंत्र चालूच होतं. पाचव्या की सहाव्या ठोक्याला ते थांबलं.

शिंपीणबाई धापा टाकत आली. तिनं बायकोला काखेत हात घालून उचललं आणि भिंतीला टेकवून बसवलं. साखरेचं पाणी पाजलं. चार घोट गेल्यावर बायकोनं डोळे नीट उघडले आणि पहिलं म्हणाली, "दूध गेलं का सगळं?"

"दूध गेलं तर गेलं, तुम्ही जात होतात! वहिनी, किती वाळलायत हो. पोरीला उचलावं तशी उचलली मी."

"काहीतरीच. एकोणसाठ आहे मी."

"सकाळपासून काय खाल्लं?"

"चहा."

"आणि काल?"

बायकोनं त्याच्याकडं चोरट्या नजरेनं पाहिलं. "चौसष्ट झाले होते. यांचं अंग झडतंय आणि शेजारी मी फुगत चाललेय, बरं दिसतं का ते? रात्रीचं जेवण सोडलं, एवढंच. आणि सकाळचं. पण उतरलं हं चांगलं."

तो समोरच्या भिंतीला टेकून दम परत यायची वाट पाहत होता. दम येण्याआधी हिशोब आला. काट्यावर एकोणसाठ, किलोमागं सत्तर ग्रॅम. म्हणजे खरे पंचावन्न. दहा आठवडे ती त्याच्यासमोर बसून उपाशी राहिली होती आणि आकडा तिला शाबासकी देत होता. काटा एका माणसापुरता खोटा करता येत नाही. जन्मभर काट्यांवर पोट भरलेल्या माणसाच्या हे डोक्यात आलं नव्हतं.

शिंपीणबाई भात टाकायला खाली गेली. दोघंच उरली. आता बोललं तर तारीख जाणार होती. पंधरा दिवस गप्प बसलं तर ती मिळणार होती, निदान मिळायची शक्यता होती.

"काटा खोटा आहे," तो म्हणाला.

"कुठला?"

"आपला. मी केला."

तिला कळायला वेळ लागला. "म्हणजे मी चौसष्ट नव्हते?"

"साठच होतीस. आता पंचावन्न आहेस."

ती जरा हसली, सुटल्यासारखी. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. "आणि तुम्ही?"

"सत्तेचाळीस."

तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं. मग पुढं सरकून तिनं पँटवरून त्याची मांडी दोन्ही पंजांत धरली. बोटं बोटांवर चढली.

"मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरली असतीस."

"मग आता काय नाचू?" तिचा आवाज चिरकला. "लोकांच्या काट्यांची पापं काढत फिरलात जन्मभर. आणि घरात? मी सिस्टरला सांगत होते, खातायत म्हणून! छाती फुगवून सांगत होते!" तिनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला. "उठा. फोन करा. मी नाही करणार. तुमच्या तोंडानं सांगा."

त्यानं फोन केला. एका दमात तीन शब्द मावत होते, म्हणून सांगायला वेळ लागला. पलीकडं सिस्टर लिहीत होती, पेनाचा आवाज येत होता. ती रागावली नाही, आणि त्यानं त्याची भीती जास्तच वाढली.

"उद्या दहाला या," ती म्हणाली. "दोघंही."

इस्पितळातल्या काट्यावर तो सत्तेचाळीस किलो दोनशे भरला. शिसं नव्हतं. सर्जननं फाइलवरची तारीख खोडली आणि दुसऱ्या खोलीकडं बोट केलं. तिथं सिस्टरनं त्याला खुर्चीत बसवलं आणि हात न टेकता पाच वेळा उठायला सांगितलं. तो दोनदा उठला. तिसऱ्यांदा अर्ध्यातून खाली बसला.

"फुप्फुसं एकतीस टक्के आहेत हे आम्हाला माहीत होतं," सिस्टर म्हणाली. "मांड्यांचं माहीत नव्हतं. रोड झालेल्या मांडीला तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते. वर तुमची छाती बसल्या जागी दिवसभर जिना चढतेय. तिला खायला कोण घालणार?"

"मी तर यांना काडी उचलू दिली नाही," बायको म्हणाली.

"तेच झालंय, बाई."

बायकोनं तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिली.

"आठ आठवडे इथं व्यायामाला यायचं, आठवड्यातून दोनदा. घरी उठायचं, चालायचं, बटणं स्वतः लावायची. तीन मोठी जेवणं बंद. सहा लहान. लोणी, अंडं, दूध, दाणे. थोड्यात जास्त बळ देणारं. जेवणाआधी पंधरा मिनिटं स्वस्थ बसायचं. घास, मग चमचा खाली, मग श्वास. पन्नासच्या वर गेलात की मी डॉक्टरांना पुन्हा विचारीन."

"हो म्हणतील?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही," सिस्टर म्हणाली. "वजन नाही वाढलं तर विचारणारसुद्धा नाही."

शनिवारी दुपारी बायकोनं टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत मऊ भात, वर कुस्करलेलं अंडं आणि लोणी. अर्धी अर्धी वाटीच होती, पण त्याला ती खोल दिसत होती. ती समोर बसली. रुसवा अजून गेला नव्हता. कालपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"आधी तुम्ही."

"आधी तू. तू खाल्लेलं मला बघायचंय."

"मलाही तेच बघायचंय. तुमच्या शब्दावर आता मी पाणीसुद्धा पिणार नाही."

दोघांनी एकदमच चमचा उचलला. पहिला घास गेला, दुसराही गेला. त्यानं कोपर टेबलावर टेकले, ओठांचा चंबू केला, हवा सोडली. तिसऱ्याला छातीत ओळखीची ओढ लागली. त्याचे हात थंड पडले, चमचा वाटीवर वाजला. त्याला त्या दिवशीचा अडकलेला घास आठवला. त्यानं वाटी पुढं सरकवली. तिनं ती त्याच सरळ रेषेत परत सरकवली.

"नाही जमत," तो म्हणाला. "भीती वाटते मला. खरंच सांगतोय."

"मला पण वाटते," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गालात भात होता. "श्वास घ्या. झाला? आता घास. गार होतोय."